विच होस्ट?

१९८३ च्या सप्टेंबरमध्ये मी अॅन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात संख्याशास्त्र शिकायला गेले. तोवर संगणक मला माहीत होता तो खिडकीतून. पुण्यात एम.एस्सी. करताना आम्ही प्रोग्रॅम आधी कागदावर लिहायचो, मग की-पंच या यंत्रावर बसून एकेक ओळ भोकांच्या रूपात एकेका कार्डावर पाडायची. ऐंशी रकाने. पहिले पाच लेबलसाठी, सहावा मागची ओळ पुढे चालू ठेवायची असेल तर, आणि खरं विधान सातव्या रकान्यापासून. गड्डीला रबरबँड लावून ती संगणक केंद्राच्या खिडकीतून आत द्यायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी प्रिंटआउट आणायला जायचं. एखादा स्वल्पविराम राहिला असेल तर ते कळायला एक दिवस. तो घालायला दहा मिनिटं. घातला तो बरोबर का, हे कळायला आणखी एक दिवस. यंत्र मी दोन वर्षांत दोनदाच पाहिलं, तेही काचेपलीकडून.

ही तक्रार नाही. कार्ड पाडण्याआधी अख्खा प्रोग्रॅम डोक्यात चालवून बघायची सवय आम्हाला त्या खिडकीने लावली आणि ती मला जन्मभर पुरली. पण संगणकाला आपण काही विचारावं आणि त्याने तिथल्या तिथे उत्तर द्यावं, हे माझ्या कल्पनेतही नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात वर्गात सरांनी प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी दिली. तिच्यावर चार अक्षरं होती. हा तुमचा सीसीआयडी, म्हणजे संगणक केंद्राच्या दफ्तरातली तुमची ओळख, आणि खाली तात्पुरता पासवर्ड. सत्रभराच्या कामासाठी खात्यात काही डॉलर घातलेले होते. हे डॉलर खरे नव्हते, बँकेत ते कुणी घेतले नसते, पण यंत्राच्या हिशेबात खरे होते. संपले की काम बंद.

टर्मिनलं, म्हणजे संगणकाशी बोलायचे पडदे आणि कीबोर्ड, असायची नॉर्थ युनिव्हर्सिटी बिल्डिंगमध्ये. सगळे त्या जागेला ‘नब्ज’ म्हणत. आमच्याच इमारतीत नागपूरचा एक दादा राहायचा, अर्थशास्त्रात पीएच.डी. करणारा. पहिल्या दिवशी तो माझ्याबरोबर आला. आत शिरल्यावर आधी आवाज आला, टाइप करणाऱ्या बोटांचा, आणि पलीकडे लाइन प्रिंटरचा. बाहेर पडलेले प्रिंटआउट क्रमांक घातलेल्या खणांत लावून ठेवत. भिंतीलगत टर्मिनलांच्या रांगा. खिडकी कुठेच नाही, आणि आत-बाहेर असा भेदही नाही. मी खुर्चीत बसले आणि हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत राहिले.

“अगं, रिटर्न दाब नं,” दादा म्हणाला. “काही नाही होत.”

मी दाबलं. पुन्हा एकदा दाबलं. पडद्यावर मेरिट हा शब्द असलेली एक ओळ उमटली आणि तिच्या खाली प्रश्न: विच होस्ट?

मला वाटलं हा संगणकच बोलतोय. दादा म्हणाला, नाही, संगणक अजून फार लांब आहे. हा नुसता नाक्यावरचा माणूस. कुठल्या यंत्राकडे जायचंय एवढं विचारतो आणि तिकडे सोडून देतो. आपल्याला इथल्याच विद्यापीठाच्या यंत्राकडे जायचं होतं, म्हणून दोन अक्षरं टाइप केली, यूएम. क्षणभराने ओळी बदलल्या आणि डावीकडे एक चिन्ह येऊन थांबलं, #. हे मात्र खुद्द यंत्र. ते आता माझ्या आज्ञेची वाट बघत होतं.

त्या चिन्हापुढे टाइप करायचं: डॉलरचं चिन्ह, साइनऑन, आणि आपली चार अक्षरं. मग पासवर्ड. टाइप करताना तो पडद्यावर उमटत नाही. बोटांनी काय केलं याचा काहीच पुरावा नसतो, त्यामुळे मी पहिल्यांदा चुकले आणि दुसऱ्यांदा आत गेले. आत गेल्यावर यंत्र आधी एक गोष्ट सांगायचं: यापूर्वी तुम्ही कधी आला होतात, तारीख आणि वेळ, सेकंदासकट. तुमच्या नावावर दुसरं कुणी येऊन गेलं असेल तर कळावं, एवढाच त्यामागचा हेतू. पण परक्या गावातल्या त्या पहिल्या महिन्यांत मला कोणीतरी माझी आठवण ठेवतंय असं वाटायचं. मंगळवारी रात्री अकरा वाजून बारा मिनिटांनी तू इथे होतीस. हो, होते.

यंत्र होतं अॅमडाल कंपनीचं, आयबीएमच्या मोठ्या यंत्रांशी जुळणारं. ते नदीपलीकडे नॉर्थ कॅम्पसवर होतं आणि आम्ही ह्युरॉन नदीच्या अलीकडे, सेंट्रल कॅम्पसवर. त्यावर चालायची ती प्रणाली, एमटीएस, म्हणजे मिशिगन टर्मिनल सिस्टीम, याच विद्यापीठातल्या लोकांनी लिहिली होती आणि १९६७ पासून ती सुरू होती. शेकडो माणसं एकाच वेळी तिच्यावर काम करायची आणि प्रत्येकाला वाटायचं की यंत्र आपल्या एकट्याचंच आहे.

आता त्या संध्याकाळबद्दल सांगते. पुण्यात केलेला समाश्रयणाचा, म्हणजे एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याचा, फोरट्रान भाषेतला एक छोटा प्रोग्रॅम मला पाठ होता. तो फाइलमध्ये टाइप केला. मग आज्ञा द्यायची: डॉलर, रन, तारांकन, एफटीएन (फोरट्रानचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणारा प्रोग्रॅम), आणि पुढे एसकार्ड्स, बरोबरचं चिन्ह आणि फाइलचं नाव. एसकार्ड्स! हातात कार्ड नाही, की-पंच नाही, पण कार्डं जिथून आत जात त्या जागेचं नाव तसंच राहिलेलं. मला ते फार जवळचं वाटलं. चारेक सेकंदांत उत्तर आलं: बाराव्या ओळीत चूक. कंस बंद केला नव्हता.

संपादनासाठी एडिट म्हटलं की पुढ्यात अपूर्णविराम यायचा. तिथे आल्टर, ओळीचा क्रमांक, जुनं काय, नवं काय, एवढं लिहायचं. लिहिलं. पुन्हा चालवला. आणखी एक चूक. सुधारली. पुन्हा. आणि खाली आकडे आले. घड्याळ पाहिलं तर पंधरा मिनिटं झाली होती. पुण्यात याला तीन दिवस लागले असते. दादा केव्हाच निघून गेला होता. मी तोच प्रोग्रॅम वेगवेगळे आकडे घालून आणखी सहा वेळा चालवला, निव्वळ उत्तर लगेच येतं म्हणून. शेवटी साइनऑफ केलं तेव्हा यंत्राने पूर्ण हिशेब दिला: किती वेळ बसलात, त्यातला प्रोसेसरचा वेळ किती, या बैठकीचा अंदाजे खर्च किती आणि खात्यात शिल्लक किती. एक डॉलर बेचाळीस सेंट खर्च झाले होते. सत्रभराचे पैसे लक्षात घेता हा वेग परवडणारा नव्हता. मग मी रात्री उशिरा यायला लागले, तेव्हा दर कमी पडायचे. रात्री एकला नब्जमधून पॅकार्ड स्ट्रीटवरच्या खोलीकडे बर्फातून चालत जायचे, कोटाच्या आत प्रिंटआउट धरून.

ऑक्टोबरात एका प्राध्यापकांनी मला संशोधनात मदतीला घेतलं. रुग्णांच्या नोंदी होत्या, छापील फॉर्मवरून सांकेतिक आकड्यांत उतरवायच्या. मी चार तास बसून दीडशेच्या वर नोंदी टाइप केल्या. फाइलला नाव दिलं ते उणे चिन्हाने सुरू होणारं. फोरट्रानचं भाषांतर होऊन जे तयार व्हायचं ते उणे-लोड नावाच्या फाइलमध्ये जाऊन पडायचं, हे मी रोज बघत होते. त्यावरून यंत्राने केलेल्या कामाच्या फाइलींना उणे लावतात अशी माझी समजूत झाली होती. खरं म्हणजे एमटीएसमध्ये उणे म्हणजे तात्पुरती फाइल. साइनऑफ केलं की ती पुसली जाते.

दुसऱ्या दिवशी फाइल मागितली तर अशी फाइल नाही असं उत्तर. नाव तीनदा टाइप करून पाहिलं. मग सल्ला द्यायला बसणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं, उणे चिन्हावर बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, ही परत येणार नाही. मग एका कोऱ्या कागदावर त्यांनी मला फाइलींच्या नावांचा सगळा कायदा लिहून दिला: नुसतं नाव म्हणजे तुमची कायमची फाइल, उणे म्हणजे तात्पुरती, तारांकन म्हणजे सगळ्यांसाठी ठेवलेली. तो कागद मी दोन वर्षं वहीत चिकटवून ठेवला होता. नोंदी पुन्हा टाइप करायला दोन रात्री लागल्या. प्राध्यापकांना मी काय झालं ते सरळ सांगितलं, तेही काही बोलले नाहीत. मात्र त्या दोन रात्रींत माझ्याकडून एकही आकडा चुकला नाही, कारण प्रत्येक फॉर्म आता ओळखीचा झाला होता.

याच कामामुळे विच होस्ट या प्रश्नाचा खरा अर्थ मला कळला. उरलेल्या नोंदी डेट्रॉइटला वेन स्टेट विद्यापीठाच्या यंत्रावर होत्या. डेट्रॉइट म्हणजे अॅन आर्बरहून सुमारे ७० किलोमीटर, पुण्याहून लोणावळ्याच्या थोडं पुढे. मला वाटलं, टेप आणायला जावं लागेल, बसचं वेळापत्रक बघायला हवं. प्राध्यापक म्हणाले, तिथे तुझं खातं काढलंय, जाऊन ये. मी विचारलं, कधी? ते म्हणाले, आत्ताच, खाली जा आणि बस.

नब्जमध्ये त्याच खुर्चीत बसले, रिटर्न दाबलं, प्रश्न आला. या वेळी यूएमऐवजी वेनचं नाव दिलं. क्षणभर काहीच नाही. मग तीच ओळ, तेच # चिन्ह. वेनवरसुद्धा एमटीएसच होतं, त्यामुळे घर बदललं तरी दाराची कडी त्याच उंचीवर होती. फक्त साइनऑन केल्यावर यंत्राने माझं जुनं येणं सांगितलं नाही. तिथे मी नवी होते. मी नोंदींच्या पहिल्या वीस ओळी मागवल्या आणि त्या डेट्रॉइटहून येऊन माझ्या पुढ्यात उमटल्या.

त्या दिवशी मी सल्लागाराच्या टेबलावरची मेरिटची माहितीपत्रकं घरी नेऊन वाचली. मिशिगन राज्यातल्या तीन विद्यापीठांनी, अॅन आर्बरचं मिशिगन, ईस्ट लॅन्सिंगचं मिशिगन स्टेट आणि डेट्रॉइटचं वेन स्टेट यांनी, १९६६ मध्ये एकत्र येऊन मेरिट उभं केलं. प्रत्येकाने प्रत्येक गोष्ट विकत घेणं शक्य नाही, मग एकमेकांची यंत्रं वापरू, हा विचार. मिशिगन आणि वेन यांची यंत्रं पहिल्यांदा जोडली गेली डिसेंबर १९७१ मध्ये. पुढच्या वर्षी मिशिगन स्टेट आलं. त्यांचं यंत्र सीडीसी कंपनीचं, या दोघांच्या तेव्हाच्या आयबीएमपेक्षा पूर्ण वेगळ्या जातीचं. तरीही ती एकमेकांशी बोलू लागली. सरकारी पैशांवर चालणारी, एकमेकांशी स्पर्धा असलेली विद्यापीठं आपापल्या दारांच्या किल्ल्या अशा एकत्र ठेवतात, याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटलं, आणि आजही वाटतं.

बाबांना मी हे सगळं पत्रात लिहिलं. ते शाळेत गणित शिकवायचे. एरोग्रॅम पुण्याला पोचायला दोन आठवडे, उत्तर यायला दोन. त्यांचं उत्तर आलं ते प्रश्नांनीच भरलेलं. मुख्य प्रश्न असा: ‘तुमच्या खोलीत शंभर मुलं टाइप करतात आणि डेट्रॉइटला तार मात्र एकच जाते, तर एकाची अक्षरं दुसऱ्याकडे कशी जात नाहीत?’

मला उत्तर माहीत नव्हतं. मी पुन्हा त्या बाईंकडे गेले. त्यांनी समजावलं ते असं. टर्मिनल मोठ्या यंत्राला जोडलेलंच नसतं. ते जोडलेलं असतं एका छोट्या संगणकाला, डिजिटल कंपनीच्या पीडीपी-११ ला. तो टर्मिनलांची अक्षरं गोळा करतो, त्यांचे छोटे गठ्ठे बांधतो आणि प्रत्येक गठ्ठ्यावर कुणाकडून कुणाकडे हे लिहितो. तारेवरून एकामागे एक गठ्ठे जातात, माझा, मग दुसऱ्या कुणाचा, मग पुन्हा माझा. पलीकडचा छोटा संगणक ते सोडवून ज्याचे त्याला देतो, आणि गठ्ठा खराब पोचला तर पुन्हा मागवतो. मी बाबांना लिहिलं, टपालाच्या थैलीसारखं आहे. थैली एकच, पत्रं वेगवेगळी, पत्ता ज्याच्या त्याच्या पाकिटावर. त्यांनी हे उत्तर दहावीच्या वर्गात वाचून दाखवलं असं आईने नंतर कळवलं.

१९८४ च्या जानेवारीत थंडी इतकी वाढली की रात्री नब्जला जाणं जिवावर यायचं. विभागाने मला एक टर्मिनल घरी वापरायला दिलं, टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचं सायलेंट ७००. शिवणयंत्राच्या पेटीएवढं, मूठ धरून उचलायचं. त्याला पडदा नाही. उष्णतेने उमटणाऱ्या कागदाचा गुंडाळा, आणि मागे दोन रबरी कप. आधी फोनवरून मेरिटचा नंबर फिरवायचा. पलीकडून एक सलग शिट्टी ऐकू आली की रिसीव्हर त्या दोन कपांत घट्ट दाबून बसवायचा, ऐकायचं टोक कुठल्या कपात आणि बोलायचं कुठल्या हे बघून. दिवा लागला की रिटर्न. आणि मग माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर, कागदावर, तोच प्रश्न: विच होस्ट?

वेग ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला तीस अक्षरं. एक ओळ उमटताना आपण ती वाचत जाऊ शकतो, जवळजवळ कुणी बोलतंय तशी. स्थानिक फोनला वेळेचा हिशेब नव्हता, त्यामुळे तासन्‌तास जोडलेलं राहता यायचं. फक्त आवाजाला जपावं लागे. पहिल्याच रविवारी मी भाताचा कुकर लावला होता. शिट्टी झाली आणि कागदावर भलतीच अक्षरं उमटली, महिरपी कंस, प्रश्नचिन्हं, आणि मध्येच घंटाही वाजली. त्यातलं थोडं फाइलमध्येही गेलं होतं. ती अक्षरं मी एकेक करून काढली. तेव्हापासून नियम केला: आधी जेवण, मग मेरिट. रिसीव्हरवर मी एक घडी घातलेला टॉवेलही ठेवायला लागले.

त्यातल्या एका रात्रीचा, सुरुवातीपासून साइनऑफच्या हिशेबापर्यंतचा कागद फाडून मी बाबांना पाठवला. घरातून डेट्रॉइटला गेल्याचा तो कागद होता. १९८७ मध्ये पुण्याला गेले तेव्हा त्यांनी तो कपाटातून काढून दाखवला. तो कागद टिकत नाही, उन्हाने आणि उष्म्याने फिका पडतो. पुण्याचे तीन उन्हाळे झाले होते. तपकिरी पट्टीवर काही दिसत नव्हतं. पण बाबांनी तो आल्या आल्याच वहीत उतरवून घेतला होता, सगळ्या चिन्हांसकट, मोकळ्या जागा मोजून.

नंतरची वर्षं भराभर गेली. शिक्षण संपलं आणि मी विद्यापीठातच नोकरीला लागले. १९८७ मध्ये मेरिटला, आयबीएम आणि एमसीआय या टेलिफोन कंपनीच्या साथीने, एनएसएफनेट, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचं देशव्यापी संगणक-जाळं, चालवायचं काम मिळालं, आणि १९८८ च्या उन्हाळ्यात सेकंदाला दीड मेगाबिटच्या तारांवर ते देशभर सुरू झालं. तीन विद्यापीठांनी राज्यापुरतं उभं केलेलं काम करणारी माणसं आता सबंध अमेरिकेतल्या विद्यापीठांची वाहतूक सांभाळत होती. आम्हाला त्याचा अभिमान होता आणि तो आम्ही लपवत नव्हतो.

माझा धाकटा भाऊ तोवर पवईला आयआयटीत एम.टेक. करत होता. १९९० च्या मार्चमध्ये एका सकाळी मी नेहमीसारखं साइनऑन केलं, तर संगणकावर टपाल, म्हणजे ई-मेल, आलेलं होतं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात शक्ती हा शब्द. जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेतल्या यंत्राचं ते नाव होतं. पवईहून निघालेलं टपाल एर्नेटने, म्हणजे भारतातल्या शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्याने, जुहूला, तिथून शक्तीमार्फत अमेरिकेत व्हर्जिनियाच्या यूयूनेट या टपाल पुढे धाडणाऱ्या संस्थेकडे, आणि तिथून आमच्याकडे आलं होतं. रोमन लिपीत लिहिलेली मराठी. मला ती मोठ्याने वाचल्याशिवाय कळेना, म्हणून मी कार्यालयात एकटीच पुटपुटत वाचली.

‘ताई, मिळालं का कळव. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन काल झालं. नीट झालं. पट्टी सोमवारी काढतील. बाबा विचारतात, थैली मुंबईत कुठे सोडवतात?’

मी लगेच उत्तर लिहिलं. त्यानंतर अठरा दिवसांनी बाबांचा एरोग्रॅम आला. त्यात होतं, पुढच्या आठवड्यात आजीचं ऑपरेशन करायचं ठरतंय, काळजी करू नकोस.